समोरून दिसणारी बाग

पडदेकाकांच्या घरी पाहुणा आला की त्याला एकाच खुर्चीवर बसवायची पद्धत होती. दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताची, वेताची. तिथून खोली कशी भरल्यासारखी दिसायची. समोरच्या भिंतीवर संगमरवरी खांब, खांबांच्या मधून दिसणारे निळसर डोंगर, खाली फुलांनी लवलेली वेल, सगळं काकांच्या हातचं. पाहुणा चुकून खिडकीकडच्या स्टुलावर टेकला तर मात्र त्याला उरलेल्या तीन भिंती दिसत, आणि त्यांना कित्येक वर्षांत रंगाचा हात लागलेला नव्हता. काकांची धाकटी बहीण म्हणायची, "आमच्या घराला एकच बाजू आहे. बाकीच्या दादानं बघणाऱ्याच्या भरवशावर सोडल्यात."

उभा जन्म काकांनी नाटकाचे पडदे रंगवण्यात घालवला होता. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा त्यांनी ढिगानं केले, पण नाव झालं ते बागेच्या पडद्यानं. सरस उकळून त्यात रंग कालवायचा, जमिनीवर पसरलेल्या कापडावर अनवाणी चालत लांब काठीला बांधलेल्या कुंचल्यानं फुलं उठवायची. जवळून बघाल तर नुसते फराटे. पण घंटा व्हायची, दर्शनी पडदा सरकायचा, दिवे लागायचे आणि शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा नकळत श्वास ओढून घ्यायचा. त्या एका श्वासासाठी काका जगले. नाटक कंपनीची जुनी नायिका सांगायची की या बागेपुढे उभं राहिलं की प्रेमाची वाक्यं आपोआप खरी वाटतात. टाळ्या तिला पडायच्या, आणि विंगेत उभे असलेले काका त्यातून आपल्या वाटणीच्या वेगळ्या काढून घ्यायचे.

पुढे कंपनी मोडली. नाटकगृह काकांच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं, तेही पाडलं. तिथे म्हणे मोठी इमारत उभी राहणार होती. बांधणाऱ्याचा हात आखडला, कज्जे झाले आणि फिरून फिरून ती जागा नगरपालिकेच्या गळ्यात पडली. पालिकेनं पत्र्याचं कुंपण मारलं आणि ती विसरून गेली. आत राडारोड्याचे ढीग, काटेरी झुडपं, लोकांनी फेकलेल्या गाद्या, फुटकी भांडी. काका बाजारात जाताना त्या बाजूला मान वळवत नसत. ज्या जागेवर आपण बागा फुलवल्या तिथे हे बघणं त्यांच्यानं होत नव्हतं.

मान वळवली ती धाकटीनं. रुग्णालयात परिचारिका म्हणून तिनं आयुष्य काढलं होतं. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि सख्खा भाऊ तेवढा 'धाकटे' म्हणून हाक मारायचा. वहिनी गेल्यावर ती दादाकडे राहायला आली. वर चारचौघांत सांगायची की मलाच आधार हवा होता. दादाचं एकही नाटक तिनं शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं. दुसरा अंक रंगात यायचा तेव्हा तिची ड्यूटी सुरू व्हायची. यावरून काका अधूनमधून टोमणा मारत, आणि ती म्हणे, "तुझ्या नाटकातली माणसं मेल्यावर परत उठायची. माझ्या वॉर्डात तशी सोय नव्हती."

तर या सिस्टरबाईंनी पालिकेत खेटे घालून परवानगी काढली. अट साधी होती. वर्षभर जागा गल्लीनं राखायची. मग पालिकेकडून पाहणी होईल. जिथे लोक खरोखर राबताहेत आणि गरज आहे तिथे पालिका नळ जोडून देईल आणि ट्रकनं चांगली माती आणून टाकेल. आणि जागा तशीच ओसाड राहिली तर तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार. तेवढी मोकळी जागा त्या भागात दुसरी नव्हती, म्हणून गाड्यावाले टपूनच बसले होते.

धाकटीच्या मदतीला दोघं पुढे आले. एक कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, कारण त्याच्या दुकानामागे पाण्याची तोटी होती. दुसरे निवृत्त बस कंडक्टर, कारण घरी बसून त्यांचे सुनेशी खटके उडत. कंडक्टर येतील तेव्हा लोकांना "पुढे चला, पुढे चला" म्हणत ढिगाऱ्याकडे सरकवायचे, स्वतः मात्र सावलीत उभे. इस्त्रीवाला म्हणायचा, यांनी आयुष्यभर दुसऱ्यांनाच पुढे पाठवलंय.

काम सुरू झालं आणि जागा पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागली. विटांचे तुकडे एका बाजूला, काचा दुसऱ्या बाजूला, चाळलेल्या मातीचे उंचवटे मधोमध. दारोदार फिरून आणलेली भाज्यांची सालं एका खड्ड्यात कुजत होती, आणि धाकटी सकाळी जाऊन, आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसा त्या खड्ड्यात हात घालून ऊब बघायची. सगळ्या जागेत तिनं दाट चवळी पेरली होती. खाण्यासाठी नाही, फुलावर आली की तशीच मातीत गाडायला. सिमेंट पिऊन मेलेल्या जमिनीत त्यानं जीव येतो म्हणायची. कुंपणाच्या कडेनं तिनं हातभर लांबीच्या काटक्या खोचल्या होत्या.

काका एकदा बघायला गेले. तोंडावर रुमाल धरून उभे राहिले. बाग कधी दिसायला लागेल, एवढंच त्यांनी विचारलं.

"आधी जमीन बरी होऊ दे," धाकटी म्हणाली. "तापानं फणफणलेल्या माणसाला कोणी पावडर लावतं का?"

काका घरी आले. मनात मात्र एक काटा रुतून बसला. येता-जाता लोक नाक मुरडत होते. गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी तर इस्त्रीवाल्याला विचारलं, इथे उकिरडा करायची परवानगी कोणी दिली. काकांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं की आपल्याच पडद्यावर कोणी थुंकलं. ज्या नाटकगृहात लोक श्वास रोखायचे तिथे आता नाक दाबत होते, आणि तेही आपल्या बहिणीच्या करणीनं.

पाहणीचं पत्र आलं नेमकं तेव्हा धाकटीच्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी तारीख दिलेली. शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस भाचीकडे राहायचं, धुळीत जायचं नाही, असा हुकूम होता. स्वतः इतकी वर्षं दुसऱ्यांना हुकूम दिलेली बाई, मोडणार कशी? निघताना तिनं दादाला नीट समजावलं. पाहणीला बाई येणार आहेत. जसं आहे तसं दाखव. ढीग दाखव, चवळी उपटून तिची मुळं दाखव, इस्त्रीवाल्याकडून बादल्यांनी पाणी आणतो ते दाखव. त्यांना सांग की माणसं आहेत, मेहनत आहे, नळ नाही आणि वरची माती नाही. काका हो हो म्हणाले. भाचीची गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले.

मग ते वळले, कुंपणाच्या दारापाशी गेले आणि रस्त्यावरून आत बघू लागले.

पाहणी करणारी बाई. मोठ्या हुद्द्याची. तिला उपटलेल्या चवळीची मुळं दाखवायची? पडदा उघडल्यावर प्रेक्षकाला रंगाचे डबे आणि सरसाची पातेली दाखवायची, असलाच हा प्रकार. आयुष्यात त्यांनी अर्धवट पडद्यावर कधी प्रयोग होऊ दिला नव्हता. कंपनीचा मालक पाया पडला तरी नाही.

आणि मग त्यांना ते सुचलं. धाकटीच्या डोळ्यावरची पट्टी निघेल, ती परत येईल आणि त्या नव्या डोळ्यानं आपली पहिलीवहिली पुरी झालेली बाग बघेल. दादाचं एकही नाटक जिनं शेवटपर्यंत पाहिलं नाही तिला दादा या खेपेला बसल्या जागी अख्खा प्रयोग दाखवेल. म्हाताऱ्याच्या पायांत वारं शिरलं.

कंडक्टर आणि इस्त्रीवाला दोघंही एका पायावर तयार झाले. सिस्टर काय म्हणतील, असं इस्त्रीवाल्यानं एकदा विचारलं. कंडक्टर म्हणाले, सिस्टर खूश होतील, पुढे चला. गावाबाहेरच्या रोपवाटिकेचा मालक काकांच्या ओळखीचा होता. लग्नमंडपांना आणि सभांना तो कुंड्या भाड्यानं द्यायचा, पूर्वी नाटकालाही द्यायचा. काकांचं नाव ऐकून त्यानं भाड्याचा विषयच काढला नाही, टेंपो भरून कुंड्या पाठवल्या.

पुढचे दिवस काका पुन्हा तरुण होते. दोरीला खडू लावून त्यांनी जमिनीवर रेघा मारल्या. चवळी कापून काढली. ती फुलावर यायला आली होती, पण मधेच पिवळी पडलेली पानं नजरेला खुपत होती. कापलेला पाला कचऱ्याच्या गाडीत गेला. कुंपणाकडेच्या वाळक्या काटक्या उपटून त्यांची मोळी बांधली आणि इस्त्रीवाल्याला जाळायला दिली. खतखड्डा फळ्यांनी झाकून त्यावर वाळू पसरली. मग खड्डे खणून कुंड्या गळ्यापर्यंत पुरल्या. पुढे बुटके झेंडू, त्यामागे गुलाब, मागे कर्दळ, सगळ्यात मागे उंच झाडं, आणि तरीही मागची भिंत डोकावत होती तिथे तागाचं कापड हिरवं रंगवून ताणलं. कंडक्टर लांबून बघून म्हणाले, काका, आता फक्त नायिका यायची बाकी आहे.

नायिका आली. उद्यानखात्याच्या बाई जीपमधून उतरल्या तेव्हा सकाळचं तिरपं ऊन काकांना हवं होतं तिथेच पडलं होतं. काकांनी त्यांना कुंपणाच्या दारातून आणलं आणि खडूची खूण केलेल्या जागी उभं केलं. म्हणाले, जरा इथे थांबावं. बाई थांबल्या, आणि त्यांनी श्वास ओढून घेतला. अगदी तसाच. काकांच्या कानांनी तो ओळखला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी मान फिरवली.

सोबतच्या माणसानं फोटो काढले. बाईंनी विचारलं, अडचण काही? इस्त्रीवाल्यानं तोंड उघडलं होतं, पण काका पुढे झाले. भरल्या नाट्यगृहात कोणी आपली रडकथा सांगतं का? त्यांनी हात जोडले आणि आपली कृपा असावी, असं म्हणाले. बाई हसल्या.

"तुम्हाला आमची गरजच नाही हो," त्या म्हणाल्या. "इतक्या ठिकाणी फिरले, असं कुठेच नाही."

काकांना आयुष्यात मिळालेल्या दादींमध्ये ही सगळ्यात मोठी होती. भेटेल त्याला त्यांनी ती ऐकवली. गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या, कानानं अधू असलेल्या घड्याळजीला तर ओरडून ऐकवली.

धाकटी परतली ती काळा चष्मा लावून. काकांनी तिला घरीही जाऊ दिलं नाही. हात धरून थेट खडूच्या खुणेवर आणून उभं केलं आणि चष्मा काढ म्हणाले. तिनं काढला. उजेडानं डोळा मिचकावला, मग बराच वेळ ती बघत राहिली. काका तिच्या तोंडाकडे बघत होते.

"माझी चवळी कुठे गेली?" तिनं विचारलं.

काकांनी सांगितलं. ती खड्ड्याकडे गेली, फळी उचलून आत हात घातला. कोंडून, वाळूखाली दबून खड्डा गार पडला होता. मग ती कुंपणाच्या कडेनं चालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिनं काटक्यांची चौकशी केली. इस्त्रीवाला खाली बघत म्हणाला की जाळल्या, सिस्टर. वाळक्या होत्या. ती म्हणाली, "तुतीच्या होत्या. खालून मुळं फुटली होती त्यांना." इस्त्रीवाल्यानं उपटताना ती पांढरी मुळं पाहिली होती, पण काका इतके उत्साहात होते की त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

घाईघाईनं काकांनी तिला बाईंचं वाक्य ऐकवलं, जसंच्या तसं, आवाजासकट. धाकटी एका पुरलेल्या कुंडीच्या काठावर हळूच बसली. ती रागावली नाही. वॉर्डात एखाद्या पेशंटचं काही करण्यासारखं उरलं नाही की तिचा चेहरा जसा व्हायचा म्हणतात तसा झाला असावा. काकांनी तो पूर्वी पाहिलेला नव्हता.

एका लग्नासाठी कुंड्या हव्या होत्या म्हणून रोपवाटिकेचा टेंपो आला. काका घरातून खाली उतरले नाहीत. संध्याकाळी गेले तेव्हा सगळीकडे कुंड्यांच्या आकाराचे खड्डे होते आणि मागे ताणलेलं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. आता ते फक्त कापड दिसत होतं.

नळ आणि मातीचे ट्रक पलीकडच्या भागातल्या एका जागेला मिळाले. ते कळलं त्या दिवशी काका कोट घालून पालिकेत गेले. बाईंच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की ती बाग नव्हती, देखावा होता, आणि तो मी केला होता. शिक्षा करायची ती मला करा, जागेला करू नका. बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनी काकांना बसवलं, चहा मागवला आणि हताश होऊन सांगितलं की अहवाल वर गेला आहे, फोटोही छापून आलेत. तुमची बाग पुरी झालेली आहे. पुरी झालेल्या बागेला मदत कशी देऊ? पुढच्या वर्षी बघू. काका म्हणाले, पुढच्या वर्षापर्यंत तिथे काही राहणार नाही. बाईंनी पेला त्यांच्याकडे सरकवला.

धाकटीनं पुन्हा चवळी पेरली, पण तोवर ऊन कडक झालं होतं. बादल्यांच्या पाण्यानं उगवून आलेली कोवळी रोपं दुपारी मान टाकायची, आणि मग ती संध्याकाळीही उठेनाशी झाली. खड्ड्यासाठी सालं देणाऱ्या बायकांनी हळूहळू ती पुन्हा कचऱ्याच्या गाडीत टाकायला सुरुवात केली. एकदा फसली ना तुमची बाग, असं एकीनं जिन्यातच तोंडावर सांगितलं. काका रोज बादल्या उचलत. पूर्वी कधी न उचललेल्या. छातीत कळ येईपर्यंत. धाकटी त्यांच्या हातातून बादली काढून घेई, बोलत नसे.

पालिकेचा माणूस फिरकला तेव्हा जागा भाजलेल्या विटेसारखी पडली होती. महिन्याभरात तिच्यावर खडी अंथरली गेली, पट्टे मारले गेले. पांढरे, सरळ, दोरी लावून मारलेले. लोक म्हणाले, बरं झालं, गाड्यांची सोय झाली. कंडक्टर म्हणाले, जागा तरी कामाला आली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. इस्त्रीवाला काही दिवस काकांचे कपडे फुकट इस्त्री करत होता. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

काकांना वाटत होतं धाकटीनं एकदा तडकावं. भांडावं, ताट आपटावं. तिच्या गप्प बसण्यानं ते झिजत चालले. एकदा जेवताना त्यांनीच विषय काढला. म्हणाले, बोल की मला काहीतरी. चुकलो मी.

"चुकलास ते राहू दे," ती म्हणाली. "माणसं चुकतात. माझ्याकडूनसुद्धा सुया चुकल्यात. पण दादा, तुला माझ्या जागेची लाज वाटली."

काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. तिनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला आणि उठून हात धुतले.

काही दिवसांनी ती सकाळी लवकर बाहेर पडू लागली. कुठे जातेस, असं विचारायची काकांना छाती झाली नाही. इस्त्रीवाल्याकडून कळलं. पलीकडच्या भागातल्या त्या जागेवर, जिथे तो नळ गेला होता, तिथे त्यांना जाणती माणसं हवी होती, आणि सिस्टर दोन बस बदलून तिथे जात होत्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

एक दिवस मात्र ते तिच्या मागोमाग निघाले. तिनं वळून पाहिलं, बसमध्ये खिडकीची जागा त्यांना दिली, तिकीट काढलं. सगळ्या वाटेत एवढंच.

ती जागा बघण्यासारखी अजिबात नव्हती. वेडेवाकडे वाफे, जुन्या टायरांत लावलेला पाला, काठ्यांवर बांधलेल्या दोऱ्या. कुठे उभं राहून बघावं तेच काकांना कळेना. कडेला बायका बसल्या होत्या, बोलत होत्या, कोणाचं तरी मूल चिखलात लोळत होतं. मधोमध नळ होता, त्याला जोडलेली रबरी नळी धाकटीनं हातात घेतली होती. सिस्टरचे दादा आले म्हटल्यावर तिथली एक जाडजूड म्हातारी लगबगीनं पुढे आली. तिनं काकांचे दोन्ही हात धरले. म्हणाली की तुमच्या गल्लीला गरज नव्हती म्हणून हे सगळं आम्हाला मिळालं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय. तिनं ते अगदी मनापासून म्हटलं.

काकांनी धाकटीकडे पाहिलं. ती काही तरी बोलेल, खरं काय ते सांगेल, असं त्यांना वाटलं, भीतीही वाटली. धाकटीनं नळी शेजारच्या वाफ्यात सरकवली. तिनं सांगितलं नाही. काकांना ते शिव्यांपेक्षा जड गेलं. आपल्या बहिणीनं आपल्यावर पांघरूण घातलं हे त्यांना कळत होतं, आणि ते घ्यायचा आपल्याला हक्क नाही हेही. ते बाजूला व्हायला म्हणून दोन पावलं मागे सरले.

"दादा, तिथे पाय देऊ नकोस. पेरलंय तिथे."

काकांनी खाली पाहिलं. ओली, काळी, सपाट माती. वर काहीच नव्हतं. त्यांनी जपून पाऊल उचललं आणि विचारलं, "काय पेरलंय?"

इतक्या दिवसांत त्यांनी तिला हे पहिल्यांदाच विचारलं होतं. ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. धाकटी नळीवरची नजर न काढता एकेक वाफा सांगत गेली.